हाकेचं नाव

किबिरोला जायचं तर कडा उतरावा लागतो.
मोटारसायकल वरच, टपरीवाल्या पोराच्या भरवशावर,
पिशवी पाठीला बांधून मी उतरते.
खाली सरोवर, पलीकडे धुरकट काँगो,
अलीकडे मिठाचे वाफे, कढत झऱ्यांचा गंधकी वास
आणि काबाहुमाचं घर.

पिशवीत मॉर्फिन.
पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं, हिरवं.
जास्त कडक असतं ते गुलाबी.
बाटलीवरचं जुनं लेबल कधी कधी पुरतं निघत नाही,
मग ‘शुद्ध झऱ्याचं पाणी’ म्हणूनच
ते दुखण्याला पाजावं लागतं.

पहिल्या दिवशी तिनं दुखणं सांगितलंच नाही.
छातीवरची जखम पदराखाली दाबून विचारलं,
“तुझं नाव?”
म्हटलं, अडोंग.
“ते नव्हे. हाकेचं.”

इथे माणसाला दोन नावं.
एक शाळेच्या, चर्चच्या, दवाखान्याच्या कागदावर,
दुसरं जिभेवर.
ही दुसरी मोजून दहा-बारा,
साऱ्या मुलखानं वाटून घेतलेली.
एका आळीत चार अब्वोली निघतात
आणि कुणाची गफलत होत नाही.
त्या नावावाचून ‘बरी आहेस ना’ हेसुद्धा
धड विचारता येत नाही.

मी उत्तरेची. आमच्यात असलं काही नाही.
अडोंग म्हणजे मागे राहिलेली:
मी पोटात असताना बाप गेला, म्हणून.
तिनं ऐकून घेतलं.
“ही कुठली हाक? ही तर बातमी झाली.”

पुढे दोन महिने मी ‘ए बाटली’.
ए बाटली, उशीर केलास.
ए बाटली, आज कडू आहे.
रोजच कडू असायचं.
मी मात्र तिला रीतसर अब्वोली म्हणायची,
दर चार तासांचा हिशेब लेकीला समजावायची,
झोपताना दुप्पट.

मिठाचा वाफा तिचा. आईकडून आलेला,
आईला तिच्या आईकडून.
पुरुषांचा त्यात वाटा नाही.
जन्मभर तिनं तीच माती खरवडली, पसरली,
खारं पाणी गाळलं, उकळलं,
आणि आता तिच्याच जिभेची चव गेलेली.
शेजारीण एकदा ताजं मीठ घेऊन आली.
तिनं चिमूट उचलली, माझ्या तोंडात घातली.
“सांग.”
खारट, म्हटलं.
“येडी. कसं खारट?”
मी डोळे मिटले. माझं रुन्योरो मोडकं.
आधी नुसतंच खारट, म्हटलं,
मग मागून, घशाशी, थोडा धूर.
ती बराच वेळ रिकामं तोंड हलवत राहिली.

त्याच दुपारी, जखम धुताना,
मान भिंतीकडे फिरवून म्हणाली,
“अद्येरी, जरा हळू.”
मी मागे वळून पाहिलं.
तिची लेकही अद्येरीच.
पण लेक बाहेर होती, चुलीपाशी.
खोलीत मीच.

बाटली गुलाबी झाली.
शेवटच्या रात्री मी नव्हते,
होइमात, दुसऱ्या कुणाच्या उशाशी.
सकाळी उतरले तेव्हा अंगणात जाळ केलेला,
बायका जमलेल्या.
उरलेलं औषध परत न्यायचा नियम आहे.
दारात उभी राहून बाटली उजेडाकडे धरली,
वहीत लिहिलं: उरले साठ मिली.
तेवढं लिहायलाही
दोनदा रेघ चुकली.

लेक जवळ आली. हात ओले होते.
पहाटे तिनं हाक मारली, म्हणाली, एकदाच.
अद्येरी.
मला की तुला, कळलं नाही.

मग?

ओ दिली ना.
आधी माझी.
मग जरा थांबून, तुझी.